श्वास मोजताना बोलायचं नाही

आज वॉर्डात एका आजोबांजवळ गेले आणि बोलून बसले, "आजोबा, आता तुमचे श्वास मोजते हं." झालं! आजोबा लगेच ताठ होऊन योगासनासारखे लांब श्वास घ्यायला लागले. मागून सिस्टर, "काऊन सांगतलं वं त्यायले?"

मग नाडी झाल्यावरही बोटं मनगटावरच ठेवली, नजर छातीवर, पूर्ण 60 सेकंद. 26 भरले. मोठ्या माणसाचे 12 ते 20 असतात. रक्तातला ऑक्सिजन 91 टक्के, म्हणजे कमीच. सिस्टरनं पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली, मगच डॉक्टरांना फोन. नर्सिंगच्या सराव पेपरात हाच प्रश्न मी दोनदा चुकले होते, "आधी काय कराल?"

संध्याकाळी नागपूरच्या बर्डीवर तर्री पोहे खाताना मैत्रिणीचे मोजले. सांगितलं नाही तिला. 18.