वाढदिवस, दोन राउंड आणि बंद फोन

बुद्धिबळात वय मोजतात ते 1 जानेवारीला धरून. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेल्या पोराला त्याच वर्षीच्या जानेवारीतला, जवळजवळ वर्षभराने मोठा गडी आपल्याच वयोगटात भेटतो. आमच्या नागपूरचे ग्रँडमास्टर रौनक साधवानी आणि दिव्या देशमुख दोघंही डिसेंबर 2005 चे, तेव्हा रडायला फारशी जागा नाही म्हणा. माझाही वाढदिवस डिसेंबरातलाच. खेळणं आणि शिकवणं यावरच माझं पोट. म्हणून बरेच वाढदिवस पटावर जातात. या वेळी स्पर्धा घरच्याच गावात होती, पण त्या दिवशी राउंड दोन.

पहिला सकाळी नऊला. आईने औक्षण केलं, हातावर संत्रा बर्फी ठेवली आणि मी निघालो. हिवाळी अधिवेशन चालू असताना सीताबर्डीकडून जायचं म्हणजे किती आधी निघावं लागतं, ते नागपूरकराला सांगायला नको. हॉलच्या दारात फोन बंद करून जमा केला, टोकन खिशात टाकलं. डाव चालू असताना जवळ फोन सापडला तर डाव जातो. समोरून मामा शुभेच्छा देत होता की बँकवाला कर्ज, हे पंच विचारत नाहीत.

आयोजकांनी माइकवरून माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. समोर अमरावतीचा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, माझ्यापेक्षा सव्वातीनशेने कमी. त्याच्याकडे पांढरी. चौदाव्या चालीला त्याने उंट सरकवला, हळूच म्हणाला, "हॅपी बर्थडे सर. ड्रॉ?" आणि घड्याळ दाबलं. क्रम अगदी नियमाप्रमाणे: आधी चाल, मग प्रस्ताव, मग घड्याळ.

मोह झाला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात सुटलो असतो तर घरी जाऊन गरम जेवण आणि दुपारची झोप मिळाली असती. पण हिशेब असा: एवढ्या फरकात माझ्याकडून 0.87 गुणाची अपेक्षा धरलेली असते, आणि माझा के-फॅक्टर, म्हणजे अपेक्षा आणि निकालातल्या फरकाला ज्याने गुणतात तो आकडा, 20. बरोबरी केली की 7.4 रेटिंग गुण गेले. जिंकलो तर मिळणार 2.6. वरच्या रेटिंगवाल्याच्या नशिबी हा व्यापार असाच. स्कोअरशीटवर बरोबरीची खूण केली आणि घोड्याला हात लावला. त्याला उत्तर कळलं.

पोरगा चिवट निघाला. शेवटी हत्ती-हत्तीचं एंडगेम उरलं, माझ्याकडे एफ पट्टीतलं, म्हणजे उंटाच्या उभ्या पट्टीतलं, एक प्यादं जास्त. त्याने हत्ती तिसऱ्या रांगेत धरून माझ्या राजाला पुढे येऊ दिलं नसतं, आणि प्यादं त्या रांगेत उतरल्यावर लांबून मागून शह दिले असते, तर मला काही करता आलं नसतं. जुना फ्रेंच खेळाडू फिलिडोर याची ही युक्ती बहुतेक पोरांना पाठ असते. पण घड्याळात दर चालीला मिळणाऱ्या वाढीव 30 सेकंदांवरच जगायची वेळ आली की पाठ असलेलंही आठवत नाही. त्याने हत्ती पहिल्या रांगेत नेऊन बसवला. कडेचं किंवा घोड्याच्या पट्टीतलं प्यादं असतं तर तेही चाललं असतं. एफ पट्टीत नाही चालत. हात मिळवला, मग बाहेर पट मांडून त्याला ते दाखवलं. त्याचे वडील मोबाइलवर शूटिंग करत होते.

एक वाजून गेला होता. मित्रांचा सावजीचा आग्रह मोडला, कारण ते जेवून तीनच्या राउंडला बसायचं म्हणजे पटावरच घोरायचं. डब्यातली पोळी-भाजी आणि दोन घास शिरा, बस्स.

दुसऱ्या डावात माझ्याहून सव्वाशे गुणांनी वरचा खेळाडू. त्याने त्याच त्या चाली पुन्हा खेळायला सुरुवात केली, मीही तेच केलं. तीनदा तीच स्थिती आली आणि बरोबरी. त्यावर 3.4 रेटिंग गुण मिळाले. म्हणजे दिवसभराची कमाई 6 गुण.

संध्याकाळी फोन चालू केला तर मिस्ड कॉलची रांग. मामाने तर झापलंच: "वाढदिवशी तरी फोन उचलत जा ना बे!" केक कापेपर्यंत तिसऱ्या राउंडचं पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, लागलं होतं. पुन्हा काळी.