जोडीच्या पिंजऱ्यात तिसरे पाखरू

झेब्रा फिंचची जमलेली जोडी ज्या पिंजऱ्यात राहते, त्याच पिंजऱ्यात तिसरे पाखरू आणून सोडू नये, असे माझे ठाम मत आहे आणि त्यामागची कारणे एकदा सविस्तर लिहावीत, असे बरेच दिवस मनात होते. निमित्त घडले ते मुलुंडच्या आमच्या इमारतीतल्या एका काकूंमुळे. त्या मुलाकडे नाशिकला कायमच्या राहायला निघाल्या होत्या. त्यांच्याकडच्या जोडीतला नर उन्हाळ्यात गेला होता आणि मागे राहिलेल्या मादीला मी सांभाळीन का, हे विचारायला त्या आल्या. "तुझ्याकडे दोन आहेतच, त्यांच्यात ही आपोआप रमेल बघ," असे त्या म्हणाल्या. त्या मादीवर, म्हणजे ठमीवर, त्यांची किती माया होती हे मी वर्षानुवर्षे पाहिले होते. मी त्यांना सांगितले, "काकू, ठमीला मी नक्की सांभाळीन, पण तिला लगेच त्या दोघांत सोडणार नाही."

काकूंचा समज चुकीच्या निरीक्षणावर आधारलेला नव्हता. झेब्रा फिंच हे मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, गवताळ प्रदेशातले पाखरू आहे, ते थव्याने राहते, थव्याने बी टिपते आणि एकट्याने ठेवले तर सतत हाका मारत बसते. मग थव्यातल्या पाखराला आणखी एक सोबती मिळाला तर बिघडले कुठे, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या थव्याकडे नीट पाहिले तर तो जोड्यांचा बनलेला असतो. नर आणि मादी एकदा जमले की बहुधा आयुष्यभर एकत्र राहतात, अंगाला अंग लावून बसतात, एकमेकांच्या मानेवरची पिसे साफ करतात आणि क्षणभर नजरेआड झाले तरी हाक देऊन ठावठिकाणा विचारतात. मोकळ्या माळावर एखाद्या पाखराला दुसऱ्या जोडीने हुसकावले तर ते पलीकडच्या झुडपात जाऊन बसते आणि तंटा तिथेच संपतो. पिंजऱ्यात पलीकडचे झुडूप नसते. हुसकावलेले पाखरू फार तर दुसऱ्या दांडीवर जाते, तिथूनही हाकलले जाते आणि हा पाठलाग दिवसभर चालू राहतो.

तिसरे पाखरू नर असेल तर घरचा नर आपल्या मादीच्या जवळपासही त्याला फिरकू देत नाही. ते मादी असेल तर गुंतागुंत वेगळी असते, कारण घरचा नर तिच्यासमोरही गाऊ लागतो आणि घरची मादी तिच्यावर तुटून पडते. रानात जोडीबाहेरचे मीलन या जातीत फारच कमी आढळते, पण पाळीव थव्यांत त्याचे प्रमाण बरेच जास्त असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणून जोडी पक्की आहे, तेव्हा काही होणार नाही, या भरवशावर राहता येत नाही.

शिवाय मार बसण्यापेक्षा मोठा धोका उपासमारीचा असतो. पूर्ण वाढलेल्या झेब्रा फिंचचे वजन साधारण १२ ग्रॅम असते आणि ते दिवसभर थोडे थोडे खात असते. दोघांनी मिळून तिसऱ्याला बियांच्या वाटीजवळ येऊ दिले नाही, तर ते पाहता पाहता खंगते. बारा ग्रॅममधला एक ग्रॅम गेला, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे चार किलो उतरल्यासारखे आहे. पिसांच्या फुगीरपणामुळे हे डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून एका ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घरात हवाच. पुठ्ठ्याच्या लहानशा खोक्यात पाखराला ठेवून वजन करावे आणि आकडा वहीत लिहून ठेवावा.

ठमी घरी आली ती थेट आतल्या खोलीत. नव्या पाखराला किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे, हा नियम मी पाळते आणि मुंबईच्या लहान घरातही तो पाळता येतो, फक्त घरातल्या सर्वांनी त्या खोलीचे दार लावून घ्यायची सवय करावी लागते. बाळू आणि चिंगी, म्हणजे माझी जुनी जोडी, बाहेरच्या खोलीत असतात. आधी त्यांचे दाणापाणी आणि साफसफाई, मग ठमीचे, आणि मध्ये साबणाने हात धुणे, हा क्रम उलटा होता कामा नये. वाट्या, ट्रे, पुसायचे फडके, सगळे वेगळे ठेवावे. या काळात शेपटी श्वासाबरोबर वरखाली होते का, श्वास घेताना चोच उघडी राहते का, रात्री शांततेत बारीक टकटक आवाज येतो का, विष्ठा पातळ आहे का, हे पाहायचे असते. श्वासनलिकेत आणि शरीरातल्या हवेच्या पिशव्यांत राहणारे सूक्ष्म परजीवी (माइट) फिंचमध्ये आढळतात आणि एका पाखराकडून दुसऱ्याकडे जातात. त्यावरचे औषध इतक्या लहान जिवाला थेंबाच्याही अंशाने द्यावे लागते, म्हणून ते दुकानातून आणून स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. परळला प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे, ज्याला मुंबईकर अजूनही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. तिथे किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे.

घर लहान असले की आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे धूर. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि विशेषतः तापून कोरडा राहिलेला नॉनस्टिक तवा यांपासून पाखरांना दूरच ठेवावे. अशा तव्यातून निघणारी वाफ माणसाला जाणवण्याआधी पाखराचा जीव घेऊ शकते. पाखरे आतल्या खोलीत हलवली म्हणून ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच तर आली नाहीत ना, हेही पाहावे.

दरम्यान ठमीसाठी जोडीदार शोधायचे मी ठरवले, कारण तीन ही संख्याच मुळात अडचणीची आहे आणि दोन जोड्या हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. ठाण्याच्या एका हौशी पक्षीपालकाकडून मी तरुण नर आणला. लहानशा पेटीवर सुती कापड घालून रविवारी दुपारी, गाडीला गर्दी नसताना, त्याला घेऊन आले. त्याचे नाव बंडू ठेवले. नर ओळखणे सोपे असते. गालावर नारिंगी ठिपका, छातीवर काळ्यापांढऱ्या रेघा, कुशीला तांबूस रंगावर पांढरे ठिपके आणि लालभडक चोच. मादी राखाडी आणि तिची चोच नारिंगी असते. चोच काळी असेल तर ते अजून पिल्लू आहे असे समजावे आणि आईबापांपासून इतक्या लवकर तोडलेले पाखरू घेऊ नये. पाखरू विकत घेणाऱ्यांना आणखी एक विनंती करते. कोणी पिंजऱ्यात लाल मुनिया किंवा आपल्याकडची दुसरी कोणतीही रानमुनिया विकायला ठेवली असेल, तर ती घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या देशातले रानपक्षी पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे, आणि दया येऊन दिलेले पैसेदेखील पुढच्या मुनियेला जाळ्यात आणतात.

बंडू आला त्या दिवसापासून ३० दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ही गोष्ट बरेच जण विसरतात. बंडूला मी आधी ठमीच्या शेजारी दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवले. मादीला कोणताही नर चालतो असे नसते. स्वतः निवडलेल्या जोडीदाराबरोबर राहणाऱ्या फिंचची पिल्ले जास्त संख्येने जगतात, असे संशोधनातही दिसून आले आहे. ठमीने पहिले काही दिवस त्याच्याकडे पाठ फिरवली होती. नंतर एका सकाळी बंडू दांडीवर उड्या घेत तिच्या दिशेने सरकत गाऊ लागला आणि ती उडून न जाता शेपटी थरथरवत जागेवर बसून राहिली. त्यानंतरच मी त्यांच्यामधले दार उघडले.

गाण्याविषयी थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. या जातीत फक्त नर गातो आणि ते गाणे तो लहानपणी, बहुधा बापाकडून, शिकतो. जगभरातले शास्त्रज्ञ मेंदू आवाज कसा शिकतो, हे समजून घेण्यासाठी याच पाखराचा अभ्यास करतात आणि कोंबडीनंतर ज्या पक्ष्याचा जनुकसंच प्रथम वाचला गेला, तो हाच. ते काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. बाळूच्या गाण्यात शेवटी एक खरखरीत सूर येतो, बंडूच्या गाण्यात तो नाही, त्यामुळे बंद दाराआडून कोण गाते आहे, हे मला ओळखता येते. त्यांनाही ते ओळखता येत असावे, कारण दोन्ही खोल्यांमधून हाकांची देवाणघेवाण सुरू झाली होती आणि ती मला फार आश्वासक वाटली.

वेगळे राहण्याची मुदत संपल्यावर दोन्ही पिंजरे बाहेरच्या खोलीत शेजारी ठेवले, पण गजांना गज लावून नव्हे, तर वीतभर अंतर सोडून. चिंगी पहिल्या दिवशी गजापाशी आली, मान खाली घालून, अंग आडवे ताणून, चोच उघडून ठमीकडे रोखून पाहत राहिली. असे चालले आहे तोवर दार उघडायचे नाही. काही दिवसांनी चौघेही एकाच वेळी खाऊ लागले, दुपारी एकाच वेळी डुलक्या घेऊ लागले आणि चिंगीचे गजापाशी येणे थांबले. तेव्हा मी पुढचे पाऊल उचलले.

आणि ते पाऊल म्हणजे नवा पिंजरा. जुन्या पिंजऱ्यात ज्या दांडीवर बाळू आणि चिंगी झोपतात, ती दांडी त्यांची आहे, ज्या कोपऱ्यात घरट्यासाठीचे मडके टांगलेले असते, तो कोपरा त्यांचा आहे, आणि तिथे येणारे प्रत्येक पाखरू त्यांच्या लेखी घुसखोर ठरते. म्हणून चार फूट रुंदीचा, सर्वांनाच अनोळखी असा पिंजरा घेतला. फिंच हेलिकॉप्टरसारखे सरळ वर जात नाहीत, ते आडवे उडतात, त्यामुळे उंच आणि अरुंद पिंजरा त्यांच्या कामाचा नसतो. दाण्याच्या आणि पाण्याच्या वाट्या दोन्ही टोकांना ठेवल्या, राळे, बाजरी आणि कॅनरी सीड सगळीकडे सारखे घातले, चोचीने टोकरायला समुद्रफेसाचे, म्हणजे माकुळाच्या पाठीतल्या कवचाचे, दोन तुकडे लावले आणि मध्यावर सुक्या फांद्यांचा आडोसा केला, जेणेकरून पाठलाग झालाच तर नजरेआड होता यावे. मडके आणि काथ्या मात्र अजिबात ठेवले नाहीत. घरटे दिसले की या पाखरांना विणीचे वेध लागतात आणि मग एरवी शांत असणारी जोडीही आक्रमक होते.

सुटीच्या दिवशी सकाळी आधी ठमी आणि बंडूला आत सोडले, थोड्या वेळाने बाळू आणि चिंगीला. सकाळ यासाठी की पुढे पूर्ण दिवसाचा उजेड पाहण्यासाठी मिळतो. संध्याकाळी सोडले तर अंधारात घाबरून पाखरे गजांवर आपटू शकतात. चोचींची झटापट झाली, दांडीवरून उठवून लावणे झाले. एवढे होणारच आणि त्यात हात घालू नये. हात घालायचा तो एकाच पाखराचा पाठलाग थांबत नसेल, कोणी तळाशी जाऊन बसले असेल, डोक्याच्या मागची पिसे उपटली गेली असतील किंवा वजन उतरले असेल तेव्हा. जुने पिंजरे म्हणूनच लगेच आवरून ठेवले नव्हते, दाणापाण्यासह तयार ठेवले होते.

त्यांची गरज पडली नाही. आता बाळू आणि चिंगी खिडकीकडचे टोक धरून असतात, ठमी आणि बंडू भिंतीकडचे, आणि आंघोळीचे उथळ भांडे ठेवले की चौघे एकत्र उतरतात. ठमीचे वजन पहिल्यापेक्षा एक ग्रॅम वाढले आहे, हे मी काकूंना फोनवर कळवले. सध्या पावसाळा आहे, बी दमटपणाने लवकर बुरसते, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात आणि थोडे थोडेच आणते. ऑस्ट्रेलियात पावसानंतर गवताला बी धरले की ही पाखरे विणीला लागतात. इथे बंडू कोथिंबिरीची काडी चोचीत घेऊन कोपरा शोधू लागला आहे, तेव्हा काड्या काढून घेते आणि पाने तेवढी ठेवते. पिल्ले हवी असतील तर दोन्ही जोड्यांना आधी वेगळ्या पिंजऱ्यांत हलवून मगच मडकी द्यावी लागतील, आणि तितकी जागा माझ्या घरात नाही, म्हणून तो विचार मी करणार नाही.