पिक्चर लावणारा माणूस

रविवारी दुपारी जेवण आटोपून मी पिक्चर लावायला बसलो आणि पडद्यावर निरोप आला की, ही डिस्क उलगडायला एक लायब्ररी लागते, ती तुमच्या संगणकात नाही. ड्राइव्ह आत घूं घूं करत फिरत होता. डिस्क दिसत होती, तिचं नाव दिसत होतं, आतल्या फायली मोजता येत होत्या, फक्त पिक्चर तेवढा दिसत नव्हता. बायको पदराला हात पुसत म्हणाली, "चालू झाला की हाक मारा, मी तोवर दळण टाकून येते." ती दळण टाकून, वाटेत मेथीची जुडी घेऊन, शेजारच्या वहिनींशी फाटकात उभ्याउभ्या बोलून परत आली, तरी मी सेटिंग्जमध्येच.

आमच्याकडे ब्लू-रे डिस्कचं, म्हणजे डीव्हीडीपेक्षा लख्ख चित्राच्या चकत्यांचं, एक खोकं आहे. मावसभावाने इंग्लंडमधलं घर आवरलं तेव्हा टाकवेना म्हणून ते इंदूरला आणून माझ्या गळ्यात घातलं. निळ्या डब्या, डीव्हीडीच्या डब्यांपेक्षा जरा बुटक्या. ड्राइव्ह मी सिल्व्हर मॉलमधून मागवून घेतला. काउंटरवरच्या पोराने मला आपादमस्तक न्याहाळलं. "अंकल, ये अब कौन लेता है? पेनड्राइव्ह में डलवा लो ना." त्याच्या आवाजात खरी काळजी होती, म्हणून रागावता आलं नाही.

आता त्याला काय सांगणार, की एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५० जीबी मावणारी ही चकती २००६ मध्ये बाजारात आली तेव्हा आम्ही तिच्याकडे दुकानाच्या काचेबाहेरून बघत होतो? तेव्हा एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे अशी दोन घराण्यांची मारामारी चालली होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने हात टेकले आणि एचडी डीव्हीडी संपली. आम्हाला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. आता एकच चकती, एकच प्लेअर, बटण दाबायचं आणि बघायचं.

पण या चकतीला कुलूप आहे. एएसीएस म्हणतात त्याला. किल्ली परवाना घेतलेल्या सॉफ्टवेअरकडेच असते, आणि तीही कायमची नाही. मधूनमधून किल्ल्या बदलतात, म्हणून नवी चकती जुन्या सॉफ्टवेअरला ओळख दाखवत नाही. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर घेतल्याच्या दिवसापासून शिळं व्हायला लागतं, आणि कंपनीने नव्या किल्ल्या देणं थांबवलं की तुमचं रीतसर पैसे मोजून आणलेलं सॉफ्टवेअर नव्या चकतीपुढे मुकं. विंडोजमध्ये ब्लू-रे लावायची सोय मुळातच नाही. विंडोज ८ पासून तर साधी डीव्हीडी लावायची सोयही काढून टाकली.

मग सॉफ्टवेअर निवडायला बसावं लागतं, आणि इथे माणसाचा कस लागतो. एक पैशाचं बघितलं. (नाव घेत नाही, उगाच कशाला.) पिक्चर लावायला घ्यावं तर ते आधी माझे सगळे फोटो शोधून त्यांतले चेहरे ओळखायला निघालं. मग म्हणालं, गाण्यांची सूची करू का? मग ढगात खातं उघडू का? किंमत एवढी, की त्यात टीव्हीला जोडायचा ब्लू-रे प्लेअरच आला असता. आणि चकटफू चाखायला दिलेल्या आवृत्तीत ब्लू-रे चालतच नाही. म्हणजे ज्यासाठी घ्यायचं तेवढं सोडून बाकी सगळं आधी बघून घ्या. दुसरं फुकटातलं सापडलं, त्याने चित्राच्या मधोमध स्वतःचं नाव छापून ठेवलं होतं. नायिका रडते आहे आणि तिच्या नाकावरून कंपनीचं नाव.

व्हीएलसी नावाच्या फुकटातल्या प्लेअरबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेला तो उद्योग. रस्त्यावरचे नारंगी शंकू उचलून आणायचा त्या पोरांना नाद होता, तोच शंकू त्याचं चिन्ह झाला. त्या शंकूने गेली कित्येक वर्षं माझ्या घरातली लग्नं, मुंजी, बारशी, जुनी नाटकं, काय वाट्टेल ते बिनतक्रार दाखवलं आहे. कुलपाची किल्ली त्याच्याकडे नाही, यात त्याचा काय दोष? किल्ल्या कुठून आणून कुठे ठेवायच्या हे सांगणारे महाभाग जगात आहेत. भाचा म्हणाला, "मामा, मी टाकून देतो दोन मिनिटांत." मी नको म्हटलं. विकत घेतलेली वस्तू चोरासारखी उघडायची, हे आपल्याला जमत नाही. म्हातारपणाचा ताठा म्हणा हवं तर.

कुलूप उघडलं असं धरून चाला, तरी पुढे प्रदेश आहे. ब्लू-रेने जगाचे तीन तुकडे केले आहेत. अमेरिका, जपान 'ए'मध्ये, युरोप 'बी'मध्ये आणि आपण 'सी'मध्ये. एका तुकड्याची चकती दुसऱ्याच्या प्लेअरला चालत नाही, आणि मावसभावाच्या बऱ्याच चकत्या 'बी'वाल्या. आणि प्रदेशही जुळला तरी केबल आहे. संगणक आणि टीव्ही लग्नाच्या बैठकीला जमलेल्या मंडळींसारखे आधी एकमेकांची घरदार, गोत्र सगळी चौकशी करतात, आणि एखाद्या जुन्या मॉनिटरपाशी गोत्र अडलं की पडदा काळा. फोर-केच्या, म्हणजे आणखी बारीक चित्राच्या, चकत्यांची तर तऱ्हाच न्यारी. त्या संगणकावर बघायच्या तर प्रोसेसरमध्ये एक खास बंदोबस्ताचा कप्पा लागतो, आणि इंटेलने तो ११व्या पिढीपासून डेस्कटॉपच्या प्रोसेसरांतून काढूनच टाकला. म्हणजे जुन्या संगणकावर पिक्चर दिसेल, नव्यावर नाही. हे वाचून मी थोडा वेळ पंख्याकडे बघत बसलो.

अखेर एका सॉफ्टवेअरवर पिक्चर सुरू झाला. बायकोला हाक मारली, ती आली, बसली, पाय वर घेतले. आणि मला दिसलं की कॅमेरा डोंगरावरून सावकाश डावीकडे सरकताना चित्र बारीकसं अडखळतंय. सिनेमाच्या सेकंदाला चोवीस चौकटी असतात, पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो. चोवीसने साठला पुरा भाग जात नाही, मग एक चौकट दोनदा, पुढची तीनदा, पुन्हा दोनदा, असं तालाबाहेर चालतं. मी पॉज केलं. पडदा चोवीसवर आणायचा प्रयत्न केला. खालची अक्षरं जरा वर घेतली. माणसं कुजबुजतात आणि गाड्या मात्र कानठळ्या बसवतात, म्हणून आवाजाचं काही केलं. "अहो, तिचा नवरा गेला का परत आला?" बायकोने विचारलं. मला माहीत नव्हतं. नवरा होता हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हे मी आमच्या मोठ्या काकांकडून उचललं असणार. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्यात व्हीसीआर भाड्याने यायचा तो शनिवारी संध्याकाळी, ऑटोरिक्षातून, रंगीत टीव्हीसकट, गोधडीत गुंडाळून. रात्रभरात तीन पिक्चर. अंगणात सतरंज्या, मागे खाटा, त्याच्यामागे जिन्याच्या पायऱ्यांवर भाडेकरू मंडळी, आणि पहिल्या पिक्चरच्या मध्यात झोपलेली आम्ही पोरं, जी तिसऱ्याच्या मारामारीला बरोब्बर जागी व्हायची. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. काका मात्र यंत्राकडे तोंड करून पाटावर बसलेले. चित्रात खालून पांढरा पट्टा चढायला लागला की वाड्यात "ए... ए..." सुरू व्हायचं आणि काका ट्रॅकिंगची चकरी दोन बोटांत धरून केसभर फिरवायचे. डोळे मिटून. मला तर पुष्कळ दिवस वाटायचं की ते ऐकून फिरवतात. हेडवर मळ बसला की कॅसेट बाहेर काढून, झाकण उघडून, बुशशर्टाच्या खिशातली कोरी करकरीत नोट हळूच त्या चकचकीत गोल डोक्यावरून फिरवायची आणि फुंकर मारायची. ते चालू असताना बोलायची कोणाची टाप नव्हती.

काकांनी त्या वर्षांत ढिगाने पिक्चर लावले असतील. त्यांना एकाचीही गोष्ट सांगता यायची नाही. आम्ही विचारायचो, "काका, त्यात शेवटी काय होतं हो?" ते विचार करून म्हणायचे, "तो ना? त्याची प्रिंट डुप्लिकेट होती. दुसऱ्या रिळाला रंग पार उडाला होता."

प्रत्येक घरात एक लावणारा असतो आणि बाकीचे बघणारे. मला वाटतं, लावणाऱ्यालाही आपल्यापुरता एक पिक्चर दिसत असतो, पण त्यात माणसं नसतात. कडा असतात, रंग असतात, पट्टे असतात. असो. हे फार ताणू नये.

काकांचं आणि आत्याचं एक जुनं भांडण होतं. आत्या गल्लीतल्या मुलींना गाणं शिकवायची. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात गाणं शिकवायचं म्हणजे कान शाबूत ठेवावा लागतो, असं ती स्वतःच सांगायची. रविवारी दूरदर्शनवर पिक्चर लागला की ती पेटी घेऊन बसे, आवडतं गाणं आलं की सुरावटी काढायला. आणि दर वेळी चिडे. "रेकॉर्डवर हे काळी एकमध्ये आहे. टीव्हीवर हे काळी एक नाही, पांढरी दोनही नाही. मधेच कुठेतरी लोंबकळतंय." काका म्हणत, टीव्हीत बिघाड नाही, तुझ्या पेटीत आहे. पेटीवाल्याला बोलावून सूर लावून घेतले. फरक पडला नाही. भाड्याच्या व्हीसीआरवर तेच गाणं लागलं तेव्हा तिने काकांना ट्रॅकिंग फिरवायला लावलं. काकांनी फिरवलं, चित्र फाटलं, सूर जागचा हलला नाही, आणि वाडा ओरडला तो वेगळाच.

आत्याचा कान बरोबर होता. आपल्याकडची दूरदर्शनची तेव्हाची पद्धत पाल, सेकंदाला पंचवीस चौकटींची. चोवीसचा पिक्चर तिच्यावर दाखवायचा तर तो सरळ पंचवीसने पळवत. चार टक्के जलद. शंभर मिनिटांचा पिक्चर शहाण्णव मिनिटांत संपतो, नायक जरा लगबगीने चालतो, कोणाच्या लक्षात येत नाही. पण आवाज अर्ध्या सुराच्याही अलीकडे चढतो. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये पडतो, जिथे बोट ठेवायला जागाच नाही. ब्लू-रेवर पिक्चर चोवीसनेच चालतो, सूर मूळ जागी असतो. हे मला चौकटींच्या त्या अडखळण्याचं औषध शोधताना कळलं, आणि सांगायला आत्या नाही, काकाही नाहीत.

आत्याची एक कॅसेट आहे आमच्याकडे. वाड्यातल्या गणपतीत म्हटलेला अभंग आणि नंतर भैरवी, मागे पोरांचा कालवा, कोणीतरी पेला पाडल्याचा आवाज. ती ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याची मोटर जलद होती की मंद, कोण जाणे. मी ती संगणकात घेतली आहे. वेग कमी-जास्त करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला कुलूप नाही, किल्ली नाही, प्रदेश नाही. एक सरकपट्टी आहे, ती सरकवली की आत्या वर चढते, मागे घेतली की खाली उतरते. पेटी वाडा विकला तेव्हाच गेली. आई म्हणते, वन्संची पट्टी काळी चार. काका नेहमी पांढरी सहा सांगायचे. दोन्हींत सहा टक्क्यांचा फरक आहे. दोन्ही वेगांना आवाज तिचाच वाटतो. मी दोन्ही फायली ठेवल्या आहेत, आणि मुलीने विचारलं की आत्याआजी खरी कशी गायची, तर कोणती लावायची ते माझं अजून ठरलेलं नाही.