तारखा टाईप करू नका रे बाबांनो

आज दिवसभर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट (कामांचं शेड्यूल बनवायचं सॉफ्टवेअर) घेऊन बसलेलो. इतकी वर्षं एक्सेलमध्ये रंगीत पट्ट्या ओढून शेड्यूल बनवलं, त्यामुळे वाटलं हे काय, तासाभराचं काम. साठेक टास्क टाकले, प्रत्येकाची स्टार्ट डेट हौसेने हाताने टाईप केली, लिंकही केले (एक संपलं की पुढचं सुरू) आणि मग एक १० दिवसांचं काम ६ दिवसांचं केलं तर पुढचं काही हलेचना! कामं लांबवली की सगळं पुढे सरकतंय, कमी केली की मागे यायला तयार नाही. दीड तास डोकं खाल्लं. शेवटी डावीकडे प्रत्येक टास्कपुढे छोटंसं कॅलेंडरचं चिन्ह दिसलं, त्यावर माऊस नेला तर 'स्टार्ट नो अर्लियर दॅन'. म्हणजे तारीख टाईप केली की सॉफ्टवेअर तो हुकूम समजतं, त्याआधी काम सुरू करायचंच नाही! सगळे सिलेक्ट करून 'ॲज सून ॲज पॉसिबल' केलं आणि अख्खा गँट चार्ट (कामांच्या पट्ट्यांचा तक्ता) सर्रकन डावीकडे आला, काय भारी वाटलं राव.

क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की अख्खा प्रोजेक्ट लांबतो ती साखळी, लाल करून बघितला तर ज्या कामावरून आम्ही रोज भांडतो त्याला ९ दिवसांचा फ्लोट निघाला, म्हणजे तेवढा उशीर झाला तरी प्रोजेक्ट लांबत नाही 😅 रिसोर्स लेव्हलिंगला (एकाच माणसावर एका वेळी जास्त कामं आली तर ती पुढेमागे करणं) उद्या हात घालतो, आज डोळे गेले.