होड्यांवरची वाक्ये
आज नाशिकमध्ये सकाळपासून झड लागली होती, म्हणून पहिलीच्या वर्गात मी पाण्याने भरलेले घमेले ठेवले आणि कागदी होड्यांवर एकेक शब्द लिहून त्या ओळीत लावत वाक्य तयार करायला मुलांना सांगितले. ‘पाणी’ आणि ‘आले’ सर्वांनी चटकन जोडले, ‘कुठपर्यंत?’ असे विचारताच, ज्याच्या अंगावरून गोदेचा पूर मोजतात तो दुतोंड्या मारुती आठवून एका मुलीने मधे ‘मारुतीच्या’ आणि ‘कमरेपर्यंत’ या होड्या सरकवल्या. शेजारच्या मुलाने ‘आले’ उचलून सर्वांत पुढे ठेवले. क्रियापद एरवी शेवटी येते हे खरे, परंतु पूर पाहून धावत आलेला माणूस ‘आले पाणी!’ असेच ओरडतो, त्यामुळे मी ते बदलले नाही. शाई मात्र विरघळली. उद्या मेणाचे खडू नेईन.