चिपळूण ते परळ: रेडिएशनला निघण्याआधी

माझं डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, पुढे रेडिएशन होतं. त्याची आखणी करायला आधी एक स्कॅन काढतात. पहिल्या खेपेला मी परळहून तो स्कॅन न करताच परत आले. तुतारी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मी आणि जाऊबाई सकाळी दादरला उतरलो, टॅक्सीने टाटा हॉस्पिटल गाठलं, नंबर लागला, मी टेबलावर आडवी झाले आणि डावा हात डोक्यावर जाईचना. कानापर्यंत नेला की काखेत दोरी ताणल्यासारखं व्हायचं. तिथल्या मुलीने हलकेच कोपर धरून पाहिलं, मग डॉक्टर आले. म्हणाले, "ताई, घाई करू नका. दहा-बारा दिवस व्यायाम करा, हात वर गेला की या." फिजिओथेरपीवाल्या बाईंनी अर्धा तास बसवून सगळं शिकवलं आणि त्याच रात्रीच्या गाडीने आम्ही परत.

म्हणून ज्यांचं ऑपरेशन झालंय आणि पुढे रेडिएशन आहे, त्यांना माझं पहिलं सांगणं खांद्याचं. किरण बाजूने तिरके येतात, त्यामुळे हात वाटेतून दूर, डोक्याच्या वर ठेवावा लागतो. तोही दहा-पंधरा मिनिटं, जराही न हलवता. मला ऑपरेशननंतर सगळ्यांनी सांगितलं होतं, "हाताला जप, वजन उचलू नकोस." मी त्याचा अर्थ हात हलवायचाच नाही असा घेतला. केमोचे महिने तो पोटाशी धरून काढले. सर्जनना आजच विचारा, व्यायाम कधीपासून सुरू करू, आणि त्यांनी होकार दिला की एक दिवसही घालवू नका.

मी केलेला व्यायाम अगदी साधा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. शिवाय आडवं पडून दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्यामागे न्यायची. ताण बसेल इतपतच, कळ येईपर्यंत नाही. माझी नऊ वर्षांची लेक रोज रात्री मी पोचले तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख घालायची. पहिली रेघ मिसळणाच्या डब्याच्या फळीशी होती. बाराव्या दिवशी बोटं कालनिर्णयच्या खिळ्याला लागली.

दुसऱ्या खेपेला स्कॅन झाला. उताराच्या एका फळीवर निजवतात, डोक्यावर हात ठेवायला टेकू असतो. फळी थंडगार असते. अंगावर हिरव्या लेसरच्या रेघा पडतात, त्यांच्या मापाने शाईच्या खुणा करतात. काही ठिकाणी शाईऐवजी गोंदवलेले बारीक ठिपके असतात, ते कायम राहतात. माझी डावी बाजू असल्यामुळे खोल श्वास घेऊन रोखून धरायला शिकवलं. छाती फुगली की हृदय छातीच्या पिंजऱ्यापासून जरा मागे सरतं आणि किरणांपासून वाचतं. डावी बाजू असेल तर डॉक्टरांना हे विचारून ठेवा आणि घरीच सराव करा. पाठ न उचलता श्वास घ्यायचा आणि 20 सेकंद रोखायचा. मला दोन दिवसांत जमलं.

स्कॅन झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू, असं मुळीच नाही. डॉक्टर त्या स्कॅनवर हृदय, फुप्फुस सगळं आखून घेतात, फिजिसिस्ट किरणांच्या मात्रेचा हिशोब करतात. माझे आठ दिवस गेले, ते मी घरी काढले. तारीख हातात आल्याशिवाय पुढची तिकिटं काढू नका. मला 15 शेक आणि गाठ होती तेवढ्याच जागेवर 5 जादा शेक (त्याला बूस्ट म्हणतात), असे 20 होते. सोमवार ते शुक्रवार, म्हणजे चार आठवडे. पूर्वी 25 देत, आता पुष्कळ ठिकाणी 15 देतात, काही जणींना 5 सुद्धा पुरतात. तुमचे किती, ते आधी कळलं की राहण्याचा अंदाज बांधता येतो. मशीनची देखभाल निघाली की दिवस पुढे जातो, म्हणून हातात दोन-तीन दिवस जादा ठेवा.

राहायचं जवळच बघा. आम्ही पहिला आठवडा डोंबिवलीला नात्यात काढला. त्यांनी खूप केलं, पण रोजच्या लोकलने मी गळून गेले. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं, हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवायचे, तरी गर्दी ती गर्दीच. पुढे दादरला खोली मिळाली तेव्हा जीव भांड्यात पडला. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, वांद्र्याचं बोर्जेस होम इथे रुग्णांची सोय होते, पण जागेसाठी थांबावं लागतं. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा आणि राहण्याचं बोला. आणि हेही विचारा की हेच उपचार घराजवळ होतील का. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, टाटाचंच खारघरचं केंद्र आहे. रोज जायचं असतं तेव्हा अंतराला फार किंमत असते.

रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. आम्ही तो दाखवून खिडकीवरच तिकिटं काढली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, मात्र मंजुरी सुरुवातीआधी हवी. आधार, रेशनकार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद, केमोचा तपशील हे सगळं एका फायलीत, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स.

कपडे पुढून उघडणारे, सैल, सुती आणि जुने न्या, शाईचे डाग जात नाहीत. मंगळसूत्र घरीच ठेवा, रोज काढ-घाल नको. आंघोळ कोमट पाण्याने, खुणांवर साबण घासायचा नाही, टॉवेल टिपायचा. त्या भागाला हळद, तेल, पावडर काही लावू नका. क्रीम लावायचं ते डॉक्टरांनी दिलेलंच.

आमच्याकडे रेडिएशनला शेक देणं म्हणतात, त्यामुळे भाजेल अशी भीती मनात होती. प्रत्यक्षात काहीच जाणवत नाही. तंत्रज्ञ आकडे मोठ्याने वाचून तुम्हाला मिलीमीटरने सरकवतात, बाहेर जातात, मशीन घरघरत फिरतं, संपलं. आतल्या माइकवरून बोलता येतं. अंगात किरण उरत नाहीत, हे मी लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारून खात्री केली, "मग आलीस की मी कुशीत झोपू ना?"

तिसऱ्या आठवड्यात थकवा येतो. कातडी काळवंडते, आणि सगळ्यात जास्त त्रास शेवटच्या शेकानंतर आठ-दहा दिवसांनी होतो, म्हणजे घरी आल्यावर. लग्नकार्य, पाहुणे त्या दिवसांत ठेवू नका. फोड आला किंवा पाणी सुटलं तर लगेच फोन करा. आणि व्यायाम थांबवू नका. रेडिएशननंतर खांदा कित्येक महिन्यांनीही आखडू शकतो, म्हणून सकाळचा चहा उकळेपर्यंत मी अजून दहा वेळा बोटं खिळ्यापर्यंत नेते.