कॅमेरा बंद असला तरी चालेल

ऑटिस्टिक विद्यार्थ्यांचं ऑनलाइन समुपदेशन म्हणजे नेहमीचंच सेशन व्हिडिओवर घ्यायचं, असं बहुतेक ठिकाणी धरून चालतात. तिथेच बिनसतं. समोरच्याकडे बघायचं, स्वतःचा चेहरा कोपऱ्यात दिसतोय, आवाज अडखळत येतोय. हे सगळं सांभाळण्यातच मुलं दमतात, मनातलं राहून जातं.

म्हणून कॅमेरा सक्तीचा नको. बोलणं जड जात असेल तर पूर्ण सेशन चॅटवर घ्या. बोलायला कोकणी, लिहायला मराठी, टाइप करायला इंग्रजी अशी गोव्यातल्या कितीतरी मुलांची रीत असते. ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहू द्या. घरात आई-बाबा ऐकत असतील तर चॅटच बरा.

आदल्या दिवशी निरोप पाठवा: किती वाजता, किती वेळ, कोणते दोन-तीन प्रश्न. वार, वेळ, लिंक आणि माणूस शक्यतो बदलू नका. प्रश्न एका वेळी एकच. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. घाईने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारलात, तर त्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो.

‘कसं वाटतंय?’ याला अनेकदा उत्तरच येत नाही, कारण आपली भावना ओळखून तिला नाव देणं पुष्कळांना कठीण जातं. ‘काल किती वाजता झोपलास? काय काय खाल्लंस?’ असं विचारा. पण मेसचं जेवण जिभेला सहन होत नाही म्हणून रोज ब्रेड खाणाऱ्याला निराशेने भूक गेलेला समजू नका. त्याच्या एरवीच्या सवयीशी तुलना करा, इतरांच्या नव्हे. आणि त्रास परीक्षेचं वेळापत्रक ऐनवेळी बदलल्याचा असेल, तर श्वासाचे व्यायाम शिकवू नका. विभागाला पत्र लिहा.

सपाट आवाजात कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हटलं तर ते तितकंच गंभीर धरा आणि थेट विचारा: जीव द्यायचा विचार आहे का? कसा, केव्हा? प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला ‘आज कुठे आहेस?’ हेही विचारून ठेवा. ताळगावच्या हॉस्टेलवरून बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल जवळ आहे, काणकोणहून नाही. जवळच्या माणसाचा नंबर पहिल्याच दिवशी, विद्यार्थ्याच्या संमतीने घ्या. तातडीला रुग्णवाहिकेचा 108.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि रात्रंदिवस चालतो, पण फोनवर बोलणं हीच अडचण असते. मोबाइलमध्ये वाचून दाखवायला चार ओळी तयार असू द्या: ‘मी ऑटिस्टिक आहे. मला उत्तर द्यायला वेळ लागतो. एका वेळी एकच प्रश्न विचारा. मी गप्प झाले तरी फोन ठेवू नका.’

पावसाळ्यात वीज जाणार, रेंज जाणार. कॉल तुटला तर पाच मिनिटांत समुपदेशकानेच मेसेज करायचा, हे आधी ठरवा. नाहीतर आपलंच काहीतरी चुकलं म्हणून कॉल कापला, असं मुलाला वाटत राहतं. सेशनमध्ये काय ठरलं ते त्याच दिवशी तीन-चार ओळींत लिहून पाठवा. ‘थोडं फिरून ये’ असं मोघम नको, ‘सोमवारी सहा वाजता, पंधरा मिनिटं’ असं.